भ्रंशाचा रंगीत नकाशा वाचताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोयना खोऱ्यात हादरा बसला की बातमीच्या मागोमाग हल्ली एक रंगीत नकाशा फिरू लागतो. लाल-पिवळे-निळे पट्टे, मधून ओढलेली एक काळी रेघ आणि खाली मजकूर, ‘गावाखालून जाणारा सक्रिय भ्रंश’. भ्रंश म्हणजे खडकातली अशी भेग, जिच्या दोन बाजू एकमेकींच्या तुलनेत सरकलेल्या असतात. असा नकाशा बहुधा चुंबकीय सर्वेक्षणातून, म्हणजे जागोजागचे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मोजून, आलेला असतो. पद्धत चांगली आहे, इतरांच्या मानाने स्वस्त आहे आणि कोयनेला तिची गरजही आहे. पण सह्याद्रीच्या काळ्या कातळावर आणि विषुववृत्ताच्या इतक्या जवळ ती चांगल्या-चांगल्यांना फसवते. त्यातून ती ज्या दिशेच्या खोट्या रेघा उमटवते, जवळपास त्याच दिशेला कोयनेचा खरा भ्रंश आहे. म्हणून हे पत्र लांबले तरी छापावे, ही विनंती.

आधी जागा समजून घेऊ. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ रिश्टरचा भूकंप झाला, तेव्हा नानेल, कडोली या भागात जमिनीला भेगा पडल्या. त्यांची सर्वसाधारण दिशा उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैर्ऋत्य होती. डोणीचा वाडा भ्रंश म्हणून ओळखला जातो तो हाच पट्टा. त्यावरची हालचाल मुख्यतः आडवी होती, म्हणजे दोन्ही बाजूंचे खडक वर-खाली न होता एकमेकांना घासत सरकले. भूकंपांची केंद्रे बहुतेक वेळा २ ते १० किलोमीटर खोलीवर असतात. रासाटीच्या १,५२२ मीटर खोल विंधनविवरात बसाल्टचे, म्हणजे काळ्या कातळाचे, थर सुमारे ९३२ मीटरवर संपले आणि खाली ग्रॅनाइटी खडक लागला. गोठणे गावचे ३ किलोमीटरचे पथदर्शी विवर २०१७ मध्ये पुरे झाले, तेही तळाशी याच खडकात आहे. म्हणजे भूकंप होतात ग्रॅनाइटमध्ये आणि आपण मोजणी करतो त्याच्यावर पसरलेल्या किलोमीटरभर जाडीच्या, भरपूर चुंबकीय अशा बसाल्टवर उभे राहून. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ इथे आहे.

मॅग्नेटोमीटर मोजतो ते त्या ठिकाणचे एकूण चुंबकीय क्षेत्र. आपल्याकडे ते साधारण ४२ ते ४३ हजार नॅनोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) भरते. प्रोटॉन मॅग्नेटोमीटरच्या बाटलीत रॉकेलसारखा हायड्रोजनयुक्त द्रव असतो. भोवतीच्या कॉइलमधून क्षणभर प्रवाह सोडून तो तोडला की द्रवातले प्रोटॉन पृथ्वीच्या क्षेत्राभोवती गिरक्या घेऊ लागतात. ४३ हजार नॅनोटेस्लाला ही गती सेकंदाला सुमारे १,८३० गिरक्या पडते. यंत्र ही वारंवारिता मोजते आणि तिचे नॅनोटेस्ला करून दाखवते. खडकात मॅग्नेटाइट (लोहाचे चुंबकीय खनिज) कमी-जास्त झाले की हा आकडा खाली-वर होतो. बसाल्टची चुंबकग्राहिता, म्हणजे क्षेत्रात चुंबकित होण्याची क्षमता, एसआय एककांत साधारण ०.०१ ते ०.०७ असते. ग्रॅनाइटची त्याहून खूप कमी असू शकते.

भ्रंश या आकड्यांत तीन प्रकारे दिसतो. एक, खडकाचे थर वर-खाली सरकून वेगवेगळ्या गुणांचे खडक समोरासमोर येतात. दोन, भेगांत मुरलेले पाणी खडक सडवते, मॅग्नेटाइटचे कमी चुंबकीय हेमाटाइट आणि इतर खनिजांची चिकणमाती होते व त्या पट्ट्यापुरते क्षेत्र खाली बसते. तीन, जुन्या भेगेतून वर आलेला डाइक, म्हणजे उभी कातळभिंत, आपली खूण सोडतो. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराखालच्या भ्रंशाचा माग काढताना पहिली वाट फार कामी आली, कारण तिथे एक बाजू उचलली गेली आहे. कोयनेत नेमकी तीच वाट अरुंद आहे. आडवे पसरलेले, एकसारखे लाव्हाचे थर आडवेच सरकले तर दोन्ही बाजूंना बसाल्टसमोर बसाल्टच येतो. इथे भरवसा ठेवायचा तो मुख्यतः सडलेल्या पट्ट्यावर, आणि त्याची खूण बरेचदा काही दहा नॅनोटेस्लांची असते.

आता दिशेचा प्रश्न, कारण गफलत सर्वांत जास्त तिथे होते. कोयनेत पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र क्षितिजाखाली फक्त २४-२५ अंश झुकलेले आहे (या झुकावाला नती म्हणतात) आणि जवळजवळ सरळ उत्तरेकडे आहे. पूर्व-पश्चिम पसरलेल्या खडकाला ते चांगले चुंबकित करते. उत्तर-दक्षिण पसरलेल्या खडकाच्या बाबतीत मात्र क्षेत्राचा मोठा भाग खडकाच्या लांबीच्याच दिशेने जातो आणि वाया जातो. हिशेब केला तर कोयनेच्या भ्रंशाच्या दिशेची विसंगती, म्हणजे भोवतालच्या मानाने आकड्यात पडणारा फरक, तोच खडक पूर्व-पश्चिम असता तर मिळाली असती तिच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढीच उरते.

ग्रॅनाइटमधल्या भ्रंशाचे काय होते, तेही याच हिशेबाने काढून पाहावे. समजा, ९३० मीटर खोलीवर २०० मीटर रुंदीचा सडलेला उभा पट्टा आहे आणि त्याच्या व भोवतीच्या ग्रॅनाइटच्या ग्राहितेत ०.००५ चा फरक आहे. क्षेत्र सरळ खाली जात असते तर जमिनीवर सुमारे ७ नॅनोटेस्लांचा फरक पडला असता. कोयनेच्या दिशेत तो दीड नॅनोटेस्लावर येतो. बसाल्टच्या उघड्या कातळावर दोन पावले टाकली तरी आकडा शंभर-दोनशेने हलतो. तेव्हा जमिनीवरच्या चुंबकीय मोजणीतून ‘सहा किलोमीटर खोलीवरचा भ्रंश दिसला’ असे कोणी लिहिले, तर त्याला दुसऱ्या कोणत्या पद्धतीची साथ होती, हे विचारलेच पाहिजे. ग्रॅनाइटमधले वेगळ्या खडकाचे काही किलोमीटर रुंद ठोकळे चुंबकीय नकाशात जरूर ओळखू येतात. भ्रंशाची अरुंद रेघ ओळखू येत नाही.

कमी नतीच्या प्रदेशातला नकाशा वाचायला अवघड असतो, कारण विसंगती खडकाच्या डोक्यावर बसत नाही, बाजूला सरकते आणि लाल-निळ्या जोडीने येते. म्हणून संगणकावर ‘ध्रुवाकडे न्यूनीकरण’ नावाची क्रिया करतात. क्षेत्र सरळ खाली जात असते तर नकाशा कसा दिसला असता, ते ही क्रिया काढून देते. युरोप-कॅनडात ती निर्धोक आहे. २४ अंश नतीला मात्र ती उत्तर-दक्षिण लांबट असलेल्या प्रत्येक गोष्टीला जवळजवळ सहा पट फुगवते. खरी विसंगती फुगते, तसा गोंगाटही फुगतो. मोजणीतली पाच नॅनोटेस्लांची चूक तीस नॅनोटेस्लांचा सुबक उत्तर-दक्षिण पट्टा होऊन बसते. डोणीचा वाडा भ्रंशाची दिशा उत्तरेपासून थोडीशीच पूर्वेला असल्याने असा पट्टा पाहणाऱ्याला लगेच पटतो, मग तोच बातमीत येतो.

यावर उपाय आहेत. मोजणीच्या रेघा पूर्व-पश्चिम ठेवाव्यात. त्या भ्रंशाला आडव्या छेदतात हा एक फायदा. शिवाय शेजारच्या दोन रेघांत काही नॅनोटेस्लांची तफावत राहिलीच, तर तिचा पट्टा पूर्व-पश्चिम उमटतो आणि फुगवट्याच्या दिशेत सापडत नाही. उत्तर-दक्षिण रेघा घेऊन कोयनेत काम केले असेल, तर ध्रुवाकडे न्यूनीकरण केलेला नकाशा आम्ही तरी बाजूला ठेवू. त्याऐवजी विषुववृत्ताकडे न्यूनीकरण करावे (क्षेत्र आडवे असते तर नकाशा कसा दिसला असता, ते काढावे) किंवा विश्लेषी संकेत, म्हणजे आकडा तिन्ही दिशांना किती झपाट्याने बदलतो याचे एकत्रित माप, काढावा. लांबट खडकाच्या बाबतीत विश्लेषी संकेताचे शिखर चुंबकत्वाची दिशा कोणतीही असली तरी कडेवरच बसते. आणि मूळ मोजणीत जी रेघ अजिबात दिसत नाही, ती फक्त संस्कारित नकाशात दिसली म्हणून भ्रंश मानू नये.

दुसरी अडचण कातळाच्या स्मरणात आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थिजला, तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि घाटातल्या बऱ्याच थरांच्या वेळी पृथ्वीचे क्षेत्र आजच्या उलटे होते. त्या काळची दिशा खडकात गोठून राहिली आहे. उलट्या काळातल्या थरांत ती साधारण आग्नेयेकडे आणि खाली झुकलेली सापडते. महाबळेश्वरकडच्या वरच्या काही थरांत ती पुन्हा फिरलेली आहे. बसाल्टमध्ये हे गोठलेले चुंबकत्व आजच्या क्षेत्राने आणलेल्या चुंबकत्वाहून जास्त असू शकते. परिणाम असा की जास्त मॅग्नेटाइट असलेला थर नकाशात ‘कमी’ दाखवू शकतो आणि सडलेला पट्टा ‘जास्त’. पाठ्यपुस्तकातले ‘भ्रंशावर क्षेत्र घटते’ हे वाक्य इथे बिनदिक्कत वापरता येत नाही. दिशा नोंदवून काढलेले खडकाचे नमुने प्रयोगशाळेत मोजल्याशिवाय कोयनेच्या खोलीचे प्रारूप करू नये. विंधनविवरांतून निघालेल्या गाभ्यांवर (खडकाच्या दंडगोल नमुन्यांवर) ही मोजणी मीटरमागून मीटर करता येते. गाभा फिरलेला असल्याने त्याची दिशा हरवते, पण नती आणि तीव्रता हाती लागते आणि उलटे थर ओळखायला तेवढे पुरते.

प्रत्यक्ष मोजणीबद्दल लिहायचे, तर बिघडते कुठे तेच आधी सांगितलेले बरे.

पृथ्वीचे क्षेत्र दिवसा स्वतःच बदलते. शांत दिवशी आपल्या अक्षांशावर सकाळपासून दुपारपर्यंत ते ३० ते ५० नॅनोटेस्लांनी चढते आणि नंतर उतरते. आठ वाजता पश्चिमेकडून निघालेला माणूस अकरा वाजता पूर्वेच्या टोकाला पोहोचला, तर त्याच्या आकड्यांत आपोआप एक चढ तयार होतो, आणि तो एखाद्या खोल रचनेसारखा दिसतो. म्हणून दुसरा मॅग्नेटोमीटर (बेस) एकाच जागी ठेवून दर १० सेकंदांनी नोंद घ्यावी, दोन्ही यंत्रांची घड्याळे जीपीएसवर जुळवावीत आणि त्या-त्या क्षणाची बेसची नोंद वजा करावी. बेसची जागा गाव, रस्ता, विजेच्या तारा यांपासून दूर आणि कमी चुंबकीय प्रवणतेची, म्हणजे पावलागणिक आकडा फारसा न बदलणारी, हवी. आधी तिच्याभोवती दोन-तीन मीटरवर चारी बाजूंनी मोजून पाहावे. आकडे पाच-दहापेक्षा जास्त फरकाचे आले तर जागा बदलावी. बसाल्टवर अशी जागा शोधण्यात अर्धा दिवस गेला तरी तो वाया गेला असे समजू नये. चुंबकीय वादळाच्या दिवशी काम बंद ठेवणे उत्तम, कारण तेव्हा बेस आणि फिरते यंत्र यांच्यातला फरकही भरवशाचा राहत नाही. अलिबागच्या वेधशाळेची नोंद ताडून पाहण्यासाठी उपयोगी पडते. (मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला नेले. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी एवढी काळजी घेतली गेली, आणि आज बेस स्टेशन हॉटेलच्या गच्चीवर ठेवलेले दिसते.)

यंत्र घेऊन चालणाऱ्याने स्टीलचे घड्याळ, चाव्या, पट्ट्याचे बक्कल, चश्म्याची लोखंडी काडी, मोबाइल, बुटातली लोखंडी पट्टी असे सर्व काढून ठेवावे. मग एका जागी उभे राहून चारी दिशांना तोंड करून मोजावे. फरक दोन नॅनोटेस्लांच्या आत हवा. सेन्सर किमान दोन मीटर, कातळावर शक्यतो तीन मीटर उंच काठीवर धरावा. खाली धरला तर जवळच्या दगडांची प्रवणता इतकी तीव्र असते की प्रोटॉन यंत्राचा संकेत लगेच विरतो आणि आकडा भलताच येतो. यंत्र संकेताची गुणवत्ता दाखवते, तो रकाना कोणी पाहत नाही. पाटणच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरांच्या सपाट कातळमाथ्यांवर, तर पवनचक्क्या आहेत. त्यांचे पोलादी मनोरे काहीशे मीटरवरूनही आकडा हलवतात. धरणाच्या वीजगृहाकडून निघणाऱ्या उच्चदाब वाहिन्या, बोअरवेलचे केसिंग, पत्र्याची घरे, काटेरी तार, या प्रत्येकाची जागा वहीत मोजणीच्या आकड्याशेजारीच लिहावी. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदींवर विसंबू नये.

सड्यांची आणखी एक गंमत आहे. तिथला जांभा स्वतः चुंबकीय असतो, कारण त्यात मॅगहेमाइट तयार झालेले असते, आणि तेही ठिकठिकाणी वेगळे. शिवाय उघड्या माथ्यावर वीज पडते तेव्हा प्रवाहाच्या वाटेवरचा कातळ जबरदस्त चुंबकित होतो. काही मीटरांत हजारो नॅनोटेस्लांचा खड्डा किंवा डोंगर मिळतो आणि तो पुढच्या ओळीत नाहीसा होतो. अशी एकुलती टोके काढून टाकावीत, पण काढली हे लिहून ठेवावे. भ्रंश असेल तर तो शेजारच्या निदान तीन-चार रेघांवर दिसला पाहिजे.

मोजणीचे अंतर किती ठेवायचे? खोल गोष्ट शोधायची असेल तर ५० मीटरला एक आकडा पुरेल, असा हिशेब पैसे वाचवण्यासाठी करतात. वाळूच्या किंवा गाळाच्या प्रदेशात तो चालतो. बसाल्टवर नाही, कारण पाच मीटर खोलीवरच्या दगडाचा गोंगाट ५० मीटरांच्या अंतराने टिपला की तो लांब तरंगांचे सोंग घेऊन येतो, मग कोणत्याही गाळणीने निघत नाही. त्यामुळे अल्कली-बाष्प मॅग्नेटोमीटर घेऊन सतत नोंद करत चालावे, म्हणजे मीटरला एक तरी आकडा मिळतो, किंवा प्रोटॉन यंत्राने पाच मीटरला एक घ्यावा. एवढे जवळजवळचे आकडे असतील तरच ऊर्ध्व-प्रक्षेपणाचा, म्हणजे अधिक उंचीवरून मोजले असते तर काय आकडे आले असते हे गणिताने काढण्याचा, उपयोग. शंभर मीटर वर नेले की शंभर मीटर लांबीचे तरंग पाचशेव्या हिश्श्यावर येतात, तर दोन किलोमीटर लांबीचे जवळजवळ तीन-चतुर्थांश टिकतात. ड्रोनने हेच काम प्रत्यक्ष वर जाऊन होते, पण सेन्सर ड्रोनखाली काही मीटर दोरीने सोडावा लागतो. घाटाच्या कड्यांवर जमिनीपासूनची उंची सारखी राखणे सोपे नाही आणि कोयना अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीखेरीज उड्डाण नाही.

रेघांमधले अंतर हा नकाशाचा खरा कस. दोन रेघा ५०० मीटर अंतरावर असतील तर मधला रंग संगणकाने भरलेला असतो. जाळीचा चौकोन रेघांतील अंतराच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यापेक्षा लहान घेतला की नकाशा गुळगुळीत दिसतो आणि तिरप्या विसंगतीच्या जागी मण्यांची माळ उमटते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या राष्ट्रीय मोहिमेत जमिनीवर साधारण अडीच चौरस किलोमीटरला एक नोंद असते. विभागीय अभ्यासाला ती मोलाची आहे. तिच्यावरून एखाद्या वाडीखालून भ्रंश नेणे हा मात्र त्या माहितीवरच अन्याय होईल. कोयनेत हवाई चुंबकीय आणि गुरुत्वीय सर्वेक्षणही झाले आहे. ते जमिनीवरच्या रेघा कुठे घ्यायच्या हे ठरवायला उत्तम.

‘सक्रिय’ या शब्दाबद्दल थोडे. चुंबकीय मोजणी खडक कुठे तुटला, सडला किंवा बदलला आहे एवढेच सुचवते. तो काल तुटला की सहा कोटी वर्षांपूर्वी, हे तिला कळत नाही. भूकंप कधी होईल, हे तर नाहीच नाही. सक्रियता ठरते भूकंपमापकांच्या जाळ्याने काढलेल्या केंद्रांवरून, जीपीएसवरून आणि चर खणून पाहिलेल्या, सरकलेल्या मातीच्या थरांवरून. सिअ‍ॅटलमध्येही चुंबकीय नकाशाने जागा सुचवली, लेझर उंचीमापनाने झाडीखालची पायरी दाखवली आणि निर्णय चरांनी दिला. कोयनेत चर घ्यायला मातीचे जाड थर कमी, म्हणून इथे भूकंपकेंद्रांना जास्त वजन द्यावे आणि विद्युतरोधाची मोजणी सोबत घ्यावी. पाणी मुरलेला सडका पट्टा विजेला कमी रोध करतो. त्याच जागी चुंबकीय खूण असेल तर त्या रेघेवर विश्वास ठेवता येतो.

आपल्या दैनिकाने यापुढे असा नकाशा छापला, तर त्याखाली रेघांची दिशा आणि अंतर, सेन्सरची उंची, कोणती संगणकीय क्रिया केली, आणि संशयित भ्रंशावरून जाणारी निदान एक असंस्कारित रेघ जरूर छापावी. जागा फार लागत नाही. सर्वेक्षण करणाऱ्या संस्थांनीही, विशेषतः सार्वजनिक पैशांतून काम झाले असेल तेव्हा, नकाशासोबत मूळ आकडे द्यावेत. वेळ, अक्षांश, रेखांश, उंची, फिरत्या यंत्राचा आकडा, बेसचा आकडा आणि संकेताची गुणवत्ता, अशा सात रकान्यांची साधी फाइल पुरे. तेवढी मिळाली तर कराड-साताऱ्याच्या कोणत्याही महाविद्यालयातले भूशास्त्राचे विद्यार्थी ती रेघ पुन्हा काढून तपासू शकतील.

आपले,
भूभौतिकी सर्वेक्षणाचे काम करणारे काही वाचक, सातारा जिल्हा